टाकीच्या आतली भिंत : जुन्या मोटारसायकलींच्या इंधनटाकीचे जतन

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक घरांच्या पडवीत, गोठ्याच्या कडेला किंवा मागच्या खोलीत एखादी जुनी मोटारसायकल आजही उभी असते. कुठे राजदूत, कुठे येझदी, कुठे बुलेट. जंगलातल्या वाटांवर एस.टी.च्या फेऱ्या मोजक्याच होत्या, त्या काळात शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक आणि वनरक्षक यांनी एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, कोरची अशा दूरच्या तालुक्यांत याच गाड्यांवरून नोकऱ्या केल्या. त्या पगारावर मुले वसतिगृहांत राहून शिकली, पुढे नोकरीधंद्यासाठी दूर गेली. गाडी मात्र घरीच राहिली. आता ती मुले वडिलांची गाडी पुन्हा चालती करावयास निघतात. तेव्हा इंजिनाची चौकशी होते, रंगाची होते, टायरची होते. टाकीच्या आत मात्र सहसा कोणी डोकावत नाही. गाडी उभी करण्याचे काम पुष्कळदा तेथेच अडते आणि क्वचित प्रसंगी आगीचे निमित्तही तेथूनच घडते.

टाकी गळू लागली की तिच्या आत लेप द्यावा, हा उपाय आता गॅरेजमध्ये आणि घरोघरी माहीत झाला आहे. परंतु कोणता लेप, कशावर आणि कोणत्या पेट्रोलसाठी, हे तीन प्रश्न आधी सुटले नाहीत तर लेपाचा उपयोग होत नाही. उलट वर्षभरात तो सुटून त्याचे तुकडे कार्ब्युरेटरमध्ये जातात. म्हणून भिंत कशाची आहे आणि ती का झिजली, हे समजून मगच लेपाकडे वळावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

पोलादी टाकी आणि काचतंतूची टाकी

आपल्याकडील मूळ गाड्यांच्या टाक्या पोलादी पत्र्याच्या आहेत. पोलंडमधील एसएचएल या गाडीच्या आराखड्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९६० च्या दशकात राजदूत बाजारात आणली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि पुढे १९७० च्या दशकात येझदी या नावाने गाड्या निघाल्या; तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. या सगळ्यांची टाकी म्हणजे साच्यात दाबून घडवलेले पत्र्याचे भाग एकत्र सांधून केलेले पात्र होय.

काचतंतूच्या, म्हणजे ज्यांना आपण सरळ फायबरच्या टाक्या म्हणतो त्यांची कथा निराळी आहे. काचेचे बारीक तंतू चटईसारखे अंथरायचे आणि त्यांवर पॉलिस्टर रेझिन, म्हणजे कृत्रिम राळ, ओतून ती कडक होऊ द्यायची, ही रीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुढे आली. १९५३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकन मोटारीचा सांगाडा याच पदार्थात झाकलेला होता. टाकी हलकी होते, हवा तो आकार देता येतो आणि गंज चढत नाही, म्हणून शर्यतीच्या मोटारसायकलींनी तो उचलला. १९६८ पासून विकल्या गेलेल्या ब्रिटनच्या नॉर्टन कमांडो फास्टबॅक या गाडीची टाकीही फायबरची होती. अपघातात अशी टाकी तडकून पेट्रोल सांडते, हे ध्यानी आल्यावर १९७० च्या दशकात ब्रिटनने रस्त्यावरच्या नव्या गाड्यांना ती लावणे थांबवले. आपल्याकडे फायबरची टाकी येते ती बहुधा हौसेपोटी : जुन्या बुलेटला किंवा येझदीला शर्यतीच्या गाडीचे रूप देताना मूळ टाकी काढून ती बसवली जाते.

टाकी कशाची आहे हे ओळखण्यास चुंबक पुरेसा आहे. रंगाखाली पोलाद असेल तर तो चिकटतो. मात्र एकाच ठिकाणी लावून थांबू नये. जेथे चुंबकाची ओढ अचानक कमी होते, तेथे पूर्वी कोणी गंजलेला पत्रा लांबीने किंवा फायबरने भरून काढलेला असतो. तळाशी असा भाग आढळला तर टाकी मिश्र स्वरूपाची समजून पुढचे सर्व काम जपून करावे.

टाकीत पाणी कोठून येते

पोलादी टाकी आतून गंजते याचे कारण पेट्रोल नव्हे, पाणी होय. टाकीच्या झाकणाला हवा आत घेण्यासाठी बारीक छिद्र असते. ते नसेल तर पेट्रोल खाली उतरणार नाही. या छिद्रातून टाकी दिवसरात्र श्वास घेते. दुपारी आतली हवा तापून बाहेर जाते. रात्री गारवा आला की बाहेरची हवा आत शिरते. चंद्रपूरचा उन्हाळा ४६ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातो, आणि जूनच्या मध्यानंतर जंगलपट्ट्यात महिनोन्‌महिने हवा ओली राहते. अर्धी भरलेली टाकी अशा ओल्या हवेचा श्वास घेते, तेव्हा तिच्या रिकाम्या भागाच्या भिंतीवर दव धरते. त्याहून मोठी वाट झाकणाची आहे. जुन्या झाकणाचे रबर तडकलेले असते. झाकणाभोवतीच्या खळग्यात पाऊस साचतो आणि थेंबाथेंबाने आत उतरतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा दिवसांत गाडी छपराखाली नुसती उभी असली तरी तिच्या टाकीतले हे काम थांबलेले नसते.

पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. म्हणून गंजाची पहिली भोके तळाला, नळाच्या आजूबाजूला आणि सांध्याच्या कडेला पडतात. राजदूत आणि येझदी या टू-स्ट्रोक गाड्या असल्याने त्यांच्या टाकीत पेट्रोलबरोबर तेल मिसळले जाई. त्या तेलाचा पातळ थर पत्र्याला काही प्रमाणात जपत असे. पन्नास वर्षांच्या राजदूतची टाकी कधीकधी आतून चकचकीत निघते, ती या तेलामुळे. पुढे लेप देताना मात्र हेच तेल आड येते.

पेट्रोल बदलले

जुन्या टाक्यांच्या बाबतीत गेल्या वीस वर्षांत घडलेली मोठी गोष्ट म्हणजे पेट्रोलमध्ये आलेले इथेनॉल. आपल्या देशात त्याचे प्रयोग २००१ मध्ये सुरू झाले आणि त्यांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड ही ठिकाणे होती. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम आला. जून २०२२ मध्ये देशाने सरासरी दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचे पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत तेच सर्वत्र मिळू लागले. उसाबरोबर मका आणि तुकडा तांदूळही या इथेनॉलचा कच्चा माल आहे. आपल्या धानपट्ट्याशीही त्याचा असा संबंध आहे. या धोरणाचे गुणदोष हा वेगळा विषय होय. १ एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग या इंधनाला टिकतील असे घडवलेले आहेत. १९७० च्या गाडीच्या टाकीला, नळाच्या बुचाला आणि रबरी नळीला मात्र हे इंधन कोणी दाखवलेलेच नव्हते.

इथेनॉलचे दोन गुणधर्म येथे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की त्याला पाणी प्रिय आहे. साधे पेट्रोल पाणी जवळजवळ धरतच नाही. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी स्वतःत सामावून घेते, म्हणजे दहा लिटरच्या टाकीत सुमारे पन्नास मिलिलिटर. वीस टक्क्यांचे मिश्रण त्याहून अधिक घेते. ही मर्यादा ओलांडली, किंवा थंडीच्या रात्री तापमान उतरल्याने मर्यादाच खाली आली, की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. गाडी सुरू करताना नळातून पहिल्यांदा तेच उतरते. किका मारून पाय दुखतो, पण इंजिन दाद देत नाही. हा तळचा थर पोलादाला नुसत्या पाण्याइतकाच घातक असतो.

दुसरा गुणधर्म फायबरच्या टाकीसाठी निर्णायक आहे. इथेनॉलचे रेणू लहान असल्याने ते पॉलिस्टर राळेच्या जाळ्यात शिरतात, राळ फुगवतात, मऊ करतात आणि तिच्यातील सुटे घटक पेट्रोलमध्ये ओढून आणतात. अमेरिकेत याचा मोठा अनुभव आला. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट या राज्यांनी २००४ च्या प्रारंभी एमटीबीई हा पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा पदार्थ बंद केला आणि त्याची जागा इथेनॉलने घेतली. त्यानंतर थोड्याच काळात त्या किनाऱ्यावरील जुन्या मोटारबोटींची इंजिने अडू लागली. इंजिने उघडली तेव्हा आत काळा चिकट मळ निघाला. तो इंधनातला कचरा नव्हता. त्या बोटींच्या १९६०–७० च्या दशकांतील फायबर टाक्यांची राळच विरघळून इंजिनात पोहोचली होती. वर्षानुवर्षे साध्या पेट्रोलला पुरून उरलेल्या टाक्या नव्या पेट्रोलपुढे टिकल्या नाहीत.

मोटारसायकलीत हीच प्रक्रिया लहान प्रमाणात दिसते. टाकीवरचा रंग फोडासारखा उठतो. आत बोट फिरवले तर चिकट लागते. टाकी फुगल्यामुळे बोल्टाच्या जागा जुळत नाहीत. नळाचे आटे सैल होतात. कार्ब्युरेटरच्या जेटवर तपकिरी डिंकासारखा थर चढतो आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे झडप सकाळी चिकटून बसते. ही लक्षणे दिसली की गाडी चालवणे थांबवावे.

आगीविषयी आधी

पुढील कृतीपूर्वी एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी. पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी अधिक धोक्याची असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो, आणि रिकाम्या टाकीत नेमके तसेच मिश्रण तयार होते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते व दूरच्या चुलीपर्यंत किंवा देवघरातल्या दिव्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून हे काम घरात करू नये. उघड्या, वाऱ्याच्या जागी करावे. विडी-सिगारेट, मोबाइल चार्जर, ग्राइंडर, उघडा बल्ब जवळ नसावा. टाकीत पाहण्यासाठी काडी कधीही पेटवू नये. टाकीला वेल्डिंग करायचे असल्यास ते जाणत्या कारागिराकडूनच, टाकी वारंवार धुऊन आणि पाण्याने भरूनच व्हावे. हातात मोजे, डोळ्यांना चष्मा आणि मुलांना दूर ठेवणे या तिन्हींत सवलत नाही.

पोलादी टाकीची रीत

प्रथम नळ, झाकण आणि आतली जाळी काढावी. मग टाकी गरम पाणी आणि कपडे धुण्याच्या पावडरीने तीन-चार वेळा धुवावी. टू-स्ट्रोक गाडीचे तेल येथेच पूर्ण निघाले पाहिजे. पाणी पत्र्यावर थेंब धरून न राहता सलग पसरले तर तेल गेले असे समजावे. गंजाचे पापुद्रे सोडवण्यासाठी मूठभर नट-बोल्ट आत टाकून टाकी हलवावी. ते मोजून आत टाकावेत आणि मोजूनच बाहेर काढावेत. उरलेला गंज सौम्य फॉस्फोरिक आम्लाने किंवा हलका असल्यास एक-दोन दिवस सिरका भरून ठेवल्याने निघतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि लगेच वाळवावे. उघडा पडलेला पत्रा ओला राहिला तर काही मिनिटांत पुन्हा लाली धरतो. शेवटी थोडे ॲसिटोन फिरवून ओतून दिले की राहिलेले पाणी त्याच्याबरोबर निघून जाते.

लेपाने टाचणीएवढी भोके बुजतात. चीर, सुटलेला सांधा किंवा चाळणी झालेला तळ बुजत नाही. तेथे आधी पत्रा दुरुस्त व्हावा. भोकावर साबण घासणे ही आपल्याकडील जुनी वाटेवरची युक्ती होती. साबण साध्या पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून ती घरापर्यंत पोहोचवत असे. इथेनॉलमध्ये तो विरघळू शकतो, तेव्हा तिच्यावर भरवसा ठेवण्याचे दिवस आता राहिले नाहीत.

फायबर टाकीची रीत

येथे घाई हाच मोठा शत्रू आहे. राळेत मुरलेले पेट्रोल बाहेर पडेपर्यंत कोणताही लेप धरत नाही. टाकी रिकामी करून, सर्व तोंडे उघडी ठेवून, सावलीत आणि वाऱ्यात काही आठवडे ठेवावी. तळपत्या उन्हात किंवा टिनाच्या छपरावर ठेवू नये. मऊ झालेली राळ तेथे आणखी वाकते. आत नाक नेऊन पाहता पेट्रोलचा वास येईनासा झाला की ती तयार झाली असे समजावे.

नंतर लाकडाच्या टोकदार काडीने आतली भिंत ठिकठिकाणी खरवडून पाहावी. भिंत कडक लागली तर काम पुढे न्यावे. काडी रुतली, भिंत रबरासारखी दबली किंवा तंतू उघडे पडले, तर ती टाकी इंधनासाठी संपली. तिच्यावर लेप देणे म्हणजे कुजलेल्या वाशावर नवे कौल घालणे. अशा वेळी पोलादी टाकी बसवावी आणि फायबरची टाकी हवी तर शोभेसाठी जपावी.

भिंत चांगली असेल तर आत बारीक टोकदार खडी किंवा स्क्रू टाकून टाकी सर्व दिशांनी हलवावी, म्हणजे चकचकीत पृष्ठभाग खरखरीत होतो आणि लेपाला पकड मिळते. मग ॲसिटोनने झटपट विसळावे; ते आत साठू देऊ नये, कारण ते राळेलाही मऊ करते. गंज काढण्याचे आम्ल येथे निरुपयोगी आहे, आणि जुना लेप काढण्याची तीव्र रसायने तर राळच खातात. पूर्वीचा लेप सुटत असेल तर तो हाताने खरवडूनच काढावा लागतो. त्यावर नवा थर दिला तर दोन्ही मिळून सुटतात.

लेपासाठी नोव्होलॅक प्रकारचे इपॉक्सी योग्य ठरते. त्याच्या रेणूंची वीण साध्या इपॉक्सीपेक्षा घट्ट असल्याने इथेनॉलला आत शिरण्यास वाव राहत नाही. घरगुती दुरुस्तीचे इपॉक्सी किंवा एम-सील बाहेरून तात्पुरते चालते, आतून नव्हे. डबा घेताना 'पेट्रोलला चालते' एवढ्यावर समाधान मानू नये. वीस टक्के इथेनॉलसाठी ते चालते असे डब्यावर लिहिलेले असावे.

लेप देण्याची वेळ

लेपाचे काम पावसाळ्यात करू नये, हे पोलादी आणि फायबर या दोन्ही टाक्यांना लागू आहे. ओल्या हवेत इपॉक्सीवर चिकट साय धरते आणि तो नीट कडक होत नाही. फेब्रुवारी ते मे हा आपल्या भागातला योग्य काळ. परंतु उन्हाळ्यात सकाळी लवकर सुरुवात करावी. मिश्रण वापरण्याजोगे राहण्याचा वेळ दर दहा अंश वाढीमागे साधारण निम्मा होतो. सकाळी अर्धा तास हाताशी असलेले मिश्रण भर दुपारी काही मिनिटांतच घट्ट होते.

नळाचे भोक ग्रीस लावलेल्या बोल्टाने बंद करावे, म्हणजे आटे लेपाने भरत नाहीत. दोन्ही भाग डब्यावर सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावेत. अंदाजाने अधिक कडक करणारा भाग घातला म्हणून लेप अधिक कडक होत नाही. मिश्रण आत ओतून टाकी हळूहळू सर्व बाजूंनी फिरवत राहावे, छताच्या बाजूलाही. दव तेथेच धरते. सर्व भिंती झाकल्या गेल्या की उरलेले मिश्रण पूर्ण ओतून द्यावे. तळाशी साचलेला जाड थर आतून मऊ राहतो आणि नळाची वाट बुजवतो. झाकणाचे छिद्र मोकळे आहे हे पाहावे. त्यानंतर डब्यावर लिहिलेले दिवस, बहुधा आठवडाभर, टाकीला पेट्रोल दाखवू नये.

पुढची निगा

लेप दिलेल्या टाकीलाही निगा लागते. झाकणाचे रबर, नळाचे बूच आणि पेट्रोलची नळी इथेनॉलला टिकणारी नवी घालावी; हा खर्च थोडा आहे आणि गळतीची निम्मी कारणे येथेच असतात. गाडी महिन्याभराहून अधिक उभी राहणार असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामी करावीत. लेप नसलेल्या पोलादी टाकीत थोडे टू-स्ट्रोक तेल फिरवून ठेवावे. फायबरच्या टाकीत पेट्रोल साठवूच नये. फेरीपुरते भरावे आणि परतल्यावर काढून घ्यावे.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते. आपल्या भागातील कित्येक राजदूत आणि येझदी त्या वयाला पोहोचल्या आहेत किंवा पोहोचत आहेत. मूळ टाकी टिकवणे म्हणूनही मोलाचे आहे. बाजारातल्या चकचकीत फायबर टाकीसाठी ती भंगारात देण्यापूर्वी एकदा आत डोकावून पाहावे. वरून उडालेला रंग आणि बसलेले पोचे पाहून टाकी गेली असे अनेकांना वाटते; आत मात्र वडिलांनी वर्षानुवर्षे मापाने मिसळलेल्या तेलाने पत्रा शाबूत ठेवलेला असतो. अशा टाकीला धुणे, वाळवणे आणि नवे रबर एवढेच पुरते. लेपाची गरजच पडत नाही.